शेजारणीच्या ताटातला हात

पद्मजाबाईंनी एकतीस वर्षं शाळेत वह्या तपासल्या आणि निवृत्त झाल्यावर माणसं तपासायला घेतली. लग्नाला गेल्या तर आधी मांडवाचे बांबू सरळ आहेत का ते बघणार, मग नवरानवरी. त्यांचे यजमान आप्पा तर "तू म्हणशील तसं" एवढ्या तीन शब्दांवर सुखाने संसार करत आलेत.

गणपतीपुळ्याच्या वाटेवर पद्मजाबाईंच्या पडवीत चौघीजणी मिळून ऑर्डरीचे उकडीचे मोदक करतात. एक त्या स्वतः, दुसऱ्या सत्तरीच्या गोदूबाई, तिसरी शेजारची निशिगंधा आणि चौथी मोबाइलवर ऑर्डरी घेणारी योगिनी. पद्मजाबाईंच्या मोदकाला एकवीस कळ्या पडतात, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. त्यांनीच सांगितलंय ना.

पण मागल्या विनायकीला मोदक पोचले दुपारी दीडला. तोवर देवळाजवळच्या खानावळीतले यात्रेकरू नुसता वरणभात जेवून गाडीत बसले होते. खानावळीचा मालक गंधार मऊ आवाजात म्हणाला, "काकू, माघी गणेशजयंतीला तीनशे हवेत, बाराच्या आत. या खेपेस उशीर झाला तर मात्र मला दुसरीकडे बघावं लागेल."

पद्मजाबाईंनी तत्काळ निदान केलं: बाकीच्या तिघी चेंगट.

म्हणून चार दिवस आधी त्यांनी सराव ठेवला. योगिनीने जाहिरातीसाठी मोबाइल फळीवर टेकवून सगळं टिपलं आणि चहाच्या वेळी चौघी बघायला बसल्या.

दिसलं ते असं. गोदूबाईंनी मोदक ठेवला रे ठेवला की बाजूने एक हात येतो, मोदक उचलतो, कळ्या मोडून नव्याने पाडतो. मग तोच हात निशिगंधाच्या ताटात. निशिगंधा आपले हात मांडीवर घेऊन बसलेली. तोवर उकड सुकते, पाऱ्या तडकतात, पुन्हा मळणं आलं. वर आवाज चालूच, "अशी नव्हे गो, अशी!" आठ मिनिटांत सोळा वेळा. योगिनीने मोजलं, महा द्वाड ती.

"हा हात कोणाचा?" पद्मजाबाईंनी विचारलं. बांगड्या तर त्यांच्याच होत्या.

"भुताचा असेल, ताई," निशिगंधा म्हणाली.

"मग आजवर बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तेपण सुधारून दिलं असतंस," गोदूबाई म्हणाल्या. "मी हल्ली सहाच कळ्या पाडते बाय. तू मोडणारच, मग कशाला जीव काढू?"

निशिगंधाच्या नाकातून चहा आला. पद्मजाबाईंनी घरात जाऊन ते चित्रण आप्पांना दाखवलं. आप्पांनी बराच वेळ निरखून पाहिलं. म्हणाले, "ओळखीचा वाटतो हात."

गणेशजयंतीला पद्मजाबाई आपण होऊन चुलीपाशी बसल्या, तिघींकडे पाठ करून. "उकड मी गरम गरम मळून देते, वाफही मी सांभाळते. कळ्या तुमच्या. मी वळून बघितलं तर गोदूबाई, खुशाल चिमटा काढा."

गोदूबाईंनी दोन काढले. त्यातला एक, बाई नुसत्या पाण्याच्या तांब्यासाठी वळल्या तेव्हा.

उकड लोण्यासारखी येत होती, एक पारी तडकेना. कोणी मोडणार नाही म्हटल्यावर म्हातारीलाही चेव आला. सहाच्या तेरा कळ्या झाल्या. सव्वाअकराला शेवटची चाळण उतरली. त्यात एक मोदक मान मुरगळलेला, अगदी लसणीच्या कांद्यासारखा. पद्मजाबाईंचा हात सवयीने पुढे झाला. तिघी श्वास रोखून बघताहेत. हात घुटमळला, मग त्याने मोदकावर तुपाची धार सोडली आणि तो तसाच डब्यात ठेवला.

"माझा होता तो," निशिगंधा हळूच म्हणाली.

"कळलं गो. पोटात गेल्यावर सगळे सारखेच."

डबे पावणेबाराला पोचले. अर्ध्या तासात गंधारचा फोन. "काकू, पानं वाढतोय तोवर मोदक फस्त होतायत. संध्याकाळी आणखी शंभर होतील का?"

"थांब, विचारून सांगते," पद्मजाबाई म्हणाल्या आणि खरोखरच विचारायला वळल्या.

"तू चुलीपाशीच बसणार असशील," गोदूबाई म्हणाल्या, "तर सांग त्याला दीडशे."