आत्याने ओळखलेली अंजनी

चाळीसच्या दशकात मी मुंबईच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते. खोपोलीकडच्या आमच्या कोंडाणे गावातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे डोक्यात थोडी हवा होतीच.

आमचे सर नीलगिरी पर्वतावरून रानटी ब्लूबेरीची फळांसकट वाळवलेली फांदी घेऊन आले होते. हे कुळ एरवी थंड मुलखातलं, उष्ण प्रदेशात ते उंच डोंगरांवर तगलं, असं त्यांनी सांगितलं. नीलगिरीत आहे, खासी टेकड्यांत आहे, पार जावाच्या ज्वालामुखींवर आहे. मग सह्याद्रीच्या आपल्या भागात त्याचा कुणी भाऊबंद आहे का, ते सुट्टीत शोधा, म्हणाले.

मला शोधायची गरजच वाटली नाही. गावामागच्या डोंगरावर निळ्याकाळ्या फळांची झुडपं मी लहानपणापासून बघत होते. त्या फळांच्या टोकालाही सरांच्या फळासारखी मुकुटाची कड होती. मे महिन्यात घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी आत्याला घेऊन वर गेले. आत्या विधवा, आमच्याकडेच राहायची. शेतीची कामं संपली की गुरं घेऊन दिवसभर डोंगरात असायची. मी लगडलेली फांदी तोडली आणि तिला सांगितलं, ही नीलगिरीवरच्या ब्लूबेरीची बहीण, आता माझं नाव होणार.

सरांच्या फांदीचं मी वहीत काढलेलं चित्र आत्याने मागून घेतलं आणि बराच वेळ बघितलं. त्या फळात बिया किती, तिने विचारलं. पुष्कळ आणि बारीक, मी म्हटलं. तिने विळ्याने आमचं फळ चिरलं. आत एकच मोठी बी होती.

"ही अंजनी हाय गं," ती म्हणाली. "हिची पानं जोडीनं येतात, समोरासमोर. तुझ्या चित्रात एक इकडं, एक तिकडं. तोंडावळा सारखा असला म्हनून भावकी होत नाय."

मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. पण गुपचूप पंचवीस-तीस फळं चिरून बघितली. प्रत्येकात एकच बी.

जूनमध्ये फांदी सरांपुढे ठेवली. मुकुट बघून ते हरखले, वर्गाला जवळ बोलावलं. गप्प राहावं असं मला क्षणभर वाटलं. मग सांगून टाकलं की हे ते कुळ नाही, आणि बी, पानं दाखवली. त्यांनी भिंग लावून बघितलं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"आत्याने, सर. तिला लिहितावाचता येत नाही."

मागे कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत.

पावसाळा सरल्यावर ते स्वतः आमच्या घरी आले. डोंगर चढताना आत्या पुढे, सर धापा टाकत मागे. अंजनी कुठवर दाट, खोपोलीच्या अंगाला कशी विरळ, खाली भातखाचरांकडे कशी मुळीच नाही, ते ती काठीने दाखवत गेली. सर नकाशावर तशी रेघ ओढत राहिले. ब्लूबेरी आमच्या डोंगरात नाही, हेही त्यांनी तिच्याच शब्दावर लिहून घेतलं.

तो नकाशा कॉलेजच्या प्रदर्शनात लागला तेव्हा मी आत्याला मुंबईला नेलं. नव्या लुगड्यातली आत्या नकाशासमोर उभी राहिली. गाव, ओढा, डोंगर, काय कुठे आहे, ते मी तिला वाचून दाखवलं. तिने एका जागी बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही रेघ वढ्याच्या अल्याड पायजे."

सगळ्या पाहुण्यांदेखत सरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि रेघ सरकवली.