डावीकडे कललेलं पिस्तूल

घेतलेली वस्तू दुकानदाराला कधीच परत न करणारा माणूस उभ्या वऱ्हाडात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. ते मला साडभाऊ म्हणतात, मी त्यांना साडभाऊ म्हणतो, आणि शेजारी बसलेल्याला कोणी कोणाला हाक मारली हे शेवटपर्यंत कळत नाही. ते केनवडला शेती करतात, मी वाशीमला कचेरीत खुर्ची उबवतो. वस्तूत खोट निघाली की तुम्ही-आम्ही दुकानदाराच्या नावानं बोटं मोडतो आणि पिशवी उचलून दुकान गाठतो. साडूंचं सगळं उलटं. खोट निघाली की त्यांना त्या वस्तूची काळजी वाटायला लागते, आणि मग ते तिला सोडून बाकीचं जग दुरुस्त करायला घेतात.

त्यांच्या ओसरीत एक खुर्ची आहे, तिचा एक पाय आखूड. दुसऱ्या कुणी पायाखाली लाकडाचा तुकडा ठोकला असता. साडूंनी गवंडी बोलावून त्या एका पायापुरता जमिनीलाच सिमेंटचा उंचवटा करून घेतला. आता खुर्ची तसूभर डुगडुगत नाही, फक्त ती त्या एकाच जागी आणि त्या एकाच तोंडानं ठेवावी लागते, आणि ते तोंड नेमकं गोठ्याकडे आहे. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक मानाचा पाहुणा म्हशीकडे बघत चहा पितो. मी एकदा खुर्ची बदला म्हणालो, तर दुखावल्या सुरात म्हणाले, "तिचा काय दोष साडभाऊ? अन् म्हैसबी काई वाईट नाई दिसत." त्यांच्या मोटारसायकलचं हँडल डावीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजतो. साडूंनी हॉर्न सोडला नाही, डावीकडे वळणं सोडलं. डाव्या हाताच्या गल्लीत जायचं असलं तरी उजवीकडून अख्ख्या गावाला वळसा घालून जातात. कधी नाइलाज झालाच तर लोक घरात बसून सांगतात की भाऊ आता मारुतीच्या देवळाजवळ आले.

आता पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही, पण ती सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. साडूंची एकुलती एक मुलगी लग्न होऊन गेली आणि वर्ष उलटायच्या आत सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही, आणि ते म्हणे आपण लपवलं. लपवलं मुळीच नव्हतं. ते लोक बघायला आले तेव्हा साडूंनीच आधी मुलीला त्यांच्या डाव्या बाजूला बसवलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं. मी तिथंच पोहे खात होतो. आणून सोडलं त्या दिवशी साडू भांडले नाहीत. अंगणात उतरवलेली तिची पेटी स्वतः उचलून आत नेली आणि बायकोला म्हणाले, "चहा टाक. पोरगी लांबून आली." मला बरेच दिवस वाटायचं की परत न करण्याचं हे खूळ त्यांच्या डोक्यात तेव्हापासूनच शिरलं असणार. माझा हा शोध मी मोठ्या गांभीर्यानं आमच्या हिला ऐकवला. ही म्हणाली, "कायचं काय! ताईच्या लग्नात त्यायच्या कोटाची एक बाही आखूड होती. शिंप्याले वाईट वाटन म्हनून सारं लगन एक हात पाठीमागं ठेवून लावलं मानसानं." माझा शोध तिथंच संपला.

पोरगी मात्र घरातच बसली. विहिरीवर नाही, बाजारात नाही, कुणाच्या लग्नाकार्यात नाही. शेवटी गावातल्या शाळेचे गुरुजी एक ऐतिहासिक नाटक घेऊन आले. त्यांनीच लिहिलेलं. गढी राखणारी एक शूर जहागीरदारीण असते आणि शेवटच्या प्रवेशात ती शत्रूच्या सरदारावर पिस्तूल झाडते. शाळेत असताना पोरीचा आवाज खणखणीत होता हे गुरुजींच्या लक्षात होतं. आम्हा सगळ्यांना वाटलं ती नाहीच म्हणणार. ती म्हणाली, "करीन. पन ठिनगी हातातल्या पिस्तुलातूनच पडली पाह्यजे. फटाकेवाला डाव्या अंगाले उभा राह्यते, मले त्याचं काई आयकू येत नाई. मांगच्या नाटकासारखं झालं तं मी पुन्हा घराबाहीर पाय टाकनार नाई, आत्ताच सांगून ठेवतो." मागच्या नाटकात काय झालं होतं ते अख्ख्या तालुक्याला पाठ आहे. गोळी लागून सरदार मेला, पडला, पडदा ओढायला घेतला, आणि तेव्हा विंगेत फटाका फुटला. त्यात गोळी झाडणाऱ्या नटाला लोक अजून चहाच्या टपरीवर विचारतात, "काहून गा, फटाका फुटला का?"

साडू त्याच दिवशी कामाला लागले. ठासणीच्या जुन्या पिस्तुलाची रचना त्यांनी मला चमचा आणि लिंबाची फोड घेऊन समजावून सांगितली. चाप ओढला की आतल्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, जोरानं घोडा पुढे झेपावतो. घोड्याच्या तोंडात गारगोटी धरलेली असते, ती समोरच्या पोलादी पट्टीवर घासते आणि ठिणग्या पडतात. नळी अर्थातच भरीव ठेवायची होती. सरदाराचं काम करणारा किराणा दुकानदार नाटकानंतरही गावाला हवा होता. लाकडी मूठ साडूंनी स्वतः कोरली, आणि घोडा, पट्टी, कमान हा सगळा संच उत्तरेकडच्या कुठल्याशा शहरातून मागवला. तिथला एक कारखानदार दिवाणखान्यात टांगायच्या शोभेच्या बंदुका करतो. पार्सल आलं. मी तिथंच होतो. घोडा तिरपा ओतलेला, त्यामुळे गारगोटी पट्टीला चुकवून हवेत वार करायची. पट्टी नावालाच पोलादी. कमान मऊ. आणि घोडा मागे ओढून ठेवला की त्याला अडवणारी खाच झिजलेली, म्हणजे तो मनात येईल तेव्हा आपला आपण पडायचा. मी परत करा म्हणालो म्हणून साडूंनी कारखानदाराला फोन लावला खरा, पण तिकडून तो माफी मागायला लागला तसे हेच त्याची समजूत काढू लागले. "भय्या, टेन्शन मत लेव. तुमारा घोडा थोडा तिरपा है, मगर दिल का अच्छा है." तो बिचारा दुसरा संच पाठवतो म्हणत होता. "नई नई," साडू म्हणाले, "घर में आया सो आया." आणि वर त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करून फोन ठेवला.

पुढचे काही आठवडे मी सुटी आली की केनवड गाठायचो, आणि त्या घरात राहणं म्हणजे सत्त्वपरीक्षा होती. घोडा तिरपा, तर साडूंनी घोड्याला हात न लावता पट्टी सरकवली. पट्टी सरकली म्हणून खालची पितळी फळी सरकवली, फळी सरकली म्हणून मूठ पुन्हा नव्यानं कोरली, आणि शेवटी अख्खं पिस्तूल डावीकडे कललं. पट्टी कडक व्हावी म्हणून तिला गावच्या लोहाराकडून पाणी देववलं. लोहारानं ती लाल केली, तेलात बुडवली, कपाळाचा घाम पुसला आणि सांगितलं, "भाऊ, हे लोखंड लय गरीब हाये. याले कितीबी पानी पाजा, याच्यातून राग नाई निंघत." मग साडूंनी घरातली जुनी कानस तोडून तिचा तुकडा त्या गरीब पट्टीच्या तोंडावर रिबिटांनी बसवला. पट्टी फेकली नाही. तिला फक्त आधार दिला. मऊ कमानीच्या जोडीला आणखी एक कमान मोडक्या करवतीच्या पात्यातून घडवली. पहिल्या चाचणीत ती उडाली ती कुठं गेली कुणालाच कळेना, दुपारी जेवताना मला वरणात सापडली. दातावर आपटली तसा मी ओरडलो. साडूंनी आनंदानं हात पुढे केला. "द्या, द्या, मोडली तं नाई ना?" माझ्या दाताबद्दल विचारत असतील असं मला क्षणभर वाटलं होतं. गारगोट्यांचं तर विचारू नका. नाल्यातून, बांधावरून वेचून आणलेल्या गारगोट्या त्यांच्या खिशात, उशाखाली, देवघरात. एस.टी.त बसले की उताराला त्यांचा खिसा खडखडायचा आणि वाहक गाडीखाली वाकून बघायचा.

पोरगी हे सगळं दारात उभी राहून बघायची. एक दिवस बापानं चाळिसाव्यांदा की कितव्यांदा चाप ओढला, गारगोटी नुसतीच खरडली, आणि ती म्हणाली, "बाबा, राहू द्या. मी गुरुजीले नाई म्हनून सांगतो." साडू मान वर न करता म्हणाले, "त्याले अजून आपली सवय नाई झाली. दगड उलटा करून पाहू." त्यांनी घोड्याच्या तोंडातली गारगोटी काढून उलटी बसवली, स्क्रू आवळला आणि पिस्तूल तिच्या हातात दिलं. तिनं ओढलं. एक ठिणगी पडली. एकच, तीही अशक्त. पण ती पोरगी दारातून आत येऊन बापाशेजारी बसली, आणि त्या दिवसापासून गारगोटी उलटवायचं काम तिचं झालं.

पिस्तूल म्हटल्यावर पोलिसांच्या कानावर घालायला हवं असं मी सुचवलं. साडू ते फडक्यात गुंडाळून स्वतःच ठाण्यात घेऊन गेले, सोबत मला ओढलं. ठाणेदारांनी नळीत केरसुणीची काडी घालून पाहिली. ती आत जाईना. "गोळी कुठून जाइन साहेब?" साडू अभिमानानं म्हणाले. तेवढ्यात टेबलावर ठेवलेल्या पिस्तुलाचा घोडा आपल्या मनानं खट्कन पडला आणि दारातला हवालदार कपाटामागं गेला. पुढचा तासभर ठाणेदार आणि तोच हवालदार आळीपाळीनं ठिणगी पाडायचा प्रयत्न करत होते. पडली नाही. नाटक झालं की घरात ठेवा आणि कुणावर रोखू नका, एवढं बजावून त्यांनी जाऊ दिलं. निघताना हवालदारानं साडूंना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "नाटक कवा हाये?"

नाटक शाळेच्या पटांगणात, दिवेलागणीनंतर झालं. साडू आणि मी उजव्या विंगेत उभे. साडूंच्या तोंडात उपरण्याचं टोक. जहागीरदारीण म्हणून पोरगी उभी राहिली तेव्हा मागच्या रांगांत कुजबुज झाली. सासरहून आणून सोडलेली ती हीच, हे कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं, पण ऐकू सगळ्यांना येत होतं. तिच्या खणखणीत आवाजापुढे ती कुजबुज हळूहळू निवली. मग शेवटचा प्रवेश आला. तिनं पिस्तूल रोखलं, घोडा ओढला, चाप दाबला. खट्. गारगोटी खरडली. ठिणगी नाही. साडूंनी डोळे मिटून घेतले. इतक्या दिवसांच्या तालमीमुळे किराणा दुकानदाराला खट् वाजलं की मरायची सवय लागलेली. त्यानं छातीवर हात ठेवला आणि तो कोसळायला लागला. पहिल्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं. आता ही पोर पुन्हा घराबाहेर पडत नाही, असंच मला वाटलं.

पोरीनं विंगेकडे बघितलंसुद्धा नाही. पडत्या सरदाराला ती गावच्या बोलीत म्हणाली, "ऊठ. अजून पेटली नाई. उभा राह्य नीट." सरदार निमूट उठून उभा राहिला. सगळं पटांगण खदखदून हसलं. तिनं ते हसू संपू दिलं, डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकला, गारगोटी काढून उलटी बसवली, स्क्रू आवळला, अगदी ओसरीत बसल्यासारखी. "हां, आता मर," म्हणाली आणि चाप ओढला. कानशीच्या तुकड्यावरून ठिणग्यांचा झुबका उडाला आणि पट्टीखाली आधीच पेरून ठेवलेली फुलबाजीची भुकटी भप्पकन पेटली. सरदार असा मेला की त्याच्या दुकानावर पुढे महिनाभर गर्दी होती. टाळ्या थांबेनात. साडूंचे डोळे अजून मिटलेलेच. माझं मनगट घट्ट धरून त्यांनी विचारलं, "साडभाऊ, पडली का?" मी म्हटलं, "पडली." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी धुरामुळं आलं असं सांगितलं.

म्हणजे ज्या ठिणगीसाठी माणसानं एवढा खटाटोप केला ती त्यांनी पाहिलीच नाही. गावात डझनभर मोबाईलवर शूटिंग झालं होतं, पण नेमका त्या वेळी पहिल्या रांगेत हवालदार उभा राहिला, आणि सगळ्या शूटिंगांमध्ये ठिणगीच्या जागी त्याची पाठ दिसते. कारखानदारानं पुढे न मागता नवा, बिनचूक संच पाठवून दिला. साडूंनी तो कौतुकानं बघितला आणि तसाच बांधून ठेवला. "हा धडच हाये," म्हणाले, "याचं कुठंबी निभन."

पोरगी आता वाशीमला आमच्याकडे राहून नर्सिंगचं शिकते. तिला चारचौघांत डाव्या बाजूला बसवावं लागत नाही, ती स्वतःच सांगते, "मावसाजी, इकडून बोला, तिकडचा कान बंद हाये." तिकडं केनवडला आता दोघंच आहेत. ओसरीतल्या भिंतीवर ते पिस्तूल टांगलंय, भिंतीवरही डावीकडे कललेलं. साडूंचा चार-दोन दिवसांआड फोन येतो. आधी पाऊसपाणी, मग सोयाबीन, मग म्हैस. आणि मग म्हणतात, "साडभाऊ, ते ठिनगी कशी पडली होती, सांगा ना पुन्हा." मी सांगतो. दर वेळी थोडी जास्त उंच, थोडी जास्त लख्ख. ते मध्ये मध्ये हं हं करतात. आणि सांगून झालं की नेहमीचं विचारतात, "अन् पोरगी हासली होती का हो?"

परवा हे विचारलं तेव्हा आत स्वयंपाकघरात ती तिच्या मावशीशी कशावरून तरी खिदळत होती. मी फोन तसाच त्या दाराकडे धरून उभा राहिलो. बऱ्याच वेळानं कानाला लावला. साडू म्हणाले, "बरं, ठेवतो. म्हशीले पानी पाजाचं हाये."