टिकल्यांचं नियोजन

एका वेळी चालणारी सगळी कामं आणि त्यांना पुरतील एवढी माणसं एका नजरेत दिसली पाहिजेत, हे लोकांना सांगण्याचा मला पगार मिळतो.

अमरावतीतल्या एका बांधकाम कंपनीत मी नियोजन बघते. कोणत्या साइटवर कोणता इंजिनिअर, कोणतं मशीन कधी मोकळं होणार, असलं काम. यासाठी सॉफ्टवेअर निवडायची जबाबदारी साहेबांनी माझ्यावर टाकली. मी बरीच पाहिली. एकात माणसाला एका दिवसाची रजा द्यायला इतकी बटणं दाबावी लागत, की तेवढ्यात तो नोकरी सोडून गेला असता. मी अहवालात लिहिलं : साधन साधं हवं. माणूस कुठे कमी पडतोय ते लांबून दिसलं पाहिजे, बारीकसारीक ज्याचं त्याने बघावं. साहेबांना ते फार पटलं. मलाही पटलं. बिघडलं ते तिथेच.

त्याच महिन्यात आमच्या घरी तीन कामं एकत्र आली. आमच्या वरच्या मजल्याचा स्लॅब, सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि अकोल्याला राहणाऱ्या माझ्या दिराच्या मुलीचं, पूर्वाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. माणसं मात्र तीच : मी, माझा नवरा विलास आणि एक जुनी कार. नवरा दर अर्ध्या तासाने विचारायचा, "आता मी काय करू?" म्हटलं, हीच संधी आहे.

मी स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर घेतलं, त्यात सकाळ-दुपारचे रकाने आखले आणि रंगीत टिकल्यांची पाकिटं आणली. सासूबाई हिरव्या, मी पिवळी, नवरा मरून. ज्या दिवशी, ज्या वेळी ज्याचं काम, त्या चौकोनात त्याची टिकली. खर्च जवळपास शून्य, शिकवावं काहीच लागत नाही. नियम एकच.

"चिकटवलं असेल तेच करायचं," मी नवऱ्याला बजावलं. "मला विचारायचं नाही. डोकं चालवायचं नाही."

"डोकं तं लग्नापासूनच बंद हाय," तो म्हणाला.

पंधरा दिवस कॅलेंडर असं चाललं की मी त्याचे फोटो काढून ऑफिसात दाखवले. ऑपरेशन पार पडलं. नेमका स्लॅब आणि साक्षगंध एकाच गुरुवारी आले, तरी मी डगमगले नाही. सकाळच्या रकान्यात स्लॅबवर मरून टिकली. दुपारच्या रकान्यात साक्षगंधावर दुसरी मरून टिकली : एक वाजता स्लॅब ठेकेदारावर सोपवून नवऱ्याने सासूबाईंना कारने अकोल्याला आणायचं. मुलाची अंगठी सासूबाईंच्या बटव्यात होती. पहिल्या नातजावयाची अंगठी आजीच्याच हातून द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि तो बटवा त्या अंघोळीलासुद्धा सोबत नेत.

मी भल्या पहाटे भाड्याच्या गाडीत फळांच्या टोपल्या, साड्या आणि मिठाई कोंबली. शेवटच्या धावपळीत घाम पुसला, टिकली ठीक केली, कॅलेंडरकडे एक समाधानाचा कटाक्ष टाकला आणि निघाले.

अकोल्यात सगळं वेळेवर. मुलाकडची मंडळी चांदूर रेल्वेहून आली होती आणि त्यांना संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं. चारचा मुहूर्त. साडेतीन झाले तरी आमची कार नाही. सासूबाई फोन उचलेनात. मी नवऱ्याला लावला.

"कुठपर्यंत आलात?"

"स्लॅबवर आहो."

"स्लॅबवर काहून?"

"कॅलेंडरवर तेवढंच हाय. दुपारचा चौकोन मोकळा दिसला. मले वाटलं, तू प्लॅन बदलला."

"मग फोन नाही का करायचा?"

"विचारायचं नाही म्हणाली होती न तू. अन् खरं सांगू? नवी पॅन्ट घालायची नाही म्हणून मी खूशच झालो."

"आणि आई?"

"आई सकायपासून नवं लुगडं नेसून बसली हाय. तुले नाही नेत म्हटलं तवापासून माह्याशी बोलूनच नाही राहिली."

अमरावतीहून अकोला, सिमेंटने माखलेला नवरा आणि रुसलेली आई धरून, म्हणजे मुहूर्त गेलाच. माझी जाऊ मंगला रडवेली झाली. पूर्वा म्हणाली, "आजी आल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही." शेवटी दिरांनी मुलाकडच्यांना आधी जेवायला बसवलं.

"आमच्याकडे अंगठी आधी अन् जेवण मंग असते," मुलाची आत्या म्हणाली.

"जेवलेल्या माणसाले अंगठी बरोबर बसते," दीर म्हणाले आणि तिच्या पानात जिलबी वाढली.

मी मात्र तपासाला लागले. दुपारची टिकली गेली कुठे? आधी संशय दिरांवर. आदल्या दिवशी ते अमरावतीला आले होते.

"वैनी, मी तिकडे पाणी प्यायले गेलो होतो," ते म्हणाले. "टिकली लावाले नाही."

मग शेजारीण, मग पंख्याचा वारा, मग आमच्या स्वयंपाकघरातली पाल. मंगलाला मी वीस मिनिटं समजावून सांगितलं, की साधन चोख असलं तरी वापरणारे बेशिस्त असले की असंच होतं. मुलाच्या आत्याने मान डोलावली. ती शाळेत मुख्याध्यापिका होती, तिला पटलं.

सहाला कार आली. नवऱ्याच्या नव्या पॅन्टवर जुना शर्ट आणि केसांत सिमेंट. सासूबाई उतरल्या, काळा चष्मा काढला आणि नव्या डोळ्याने माझ्याकडे नीट बघितलं.

"का वं," त्या म्हणाल्या, "विलास तुह्या कपाळावर काय करून राहिला?"

मी हात कपाळाला लावला. पहाटे घाम पुसताना माझी टिकली निघाली होती. आरसा दुसऱ्या खोलीत होता, कॅलेंडर हाताशी होतं. जन्मभर बाथरूमच्या फरशीवरून आणि कपाटाच्या दारावरून टिकल्या काढून लावलेला हात. त्याने काढली आणि लावली. त्याला काय माहीत, तो माणूस हलवतोय!

मुख्याध्यापिका आत्याबाईंनी जिलबी खाली ठेवली.

"जाऊ दे न आई," नवरा म्हणाला, "बाईनं कपाळावर नवऱ्यालेच ठेवावं म्हणतात. तिनं ठेवलं."

अंगठी आजीच्या हातूनच घातली गेली आणि गाडी चुकलेली चांदूरची मंडळी रात्री आमच्याच कारने गेली. चालवायला नवरा. कुठलीही टिकली न लावता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचा माणूस आला होता. तासभर त्याने रंगीत पट्ट्या दाखवल्या. शेवटी साहेब म्हणाले, "मॅडम, साध्या साधनांचा तुमचा अनुभव मोठा. काही शंका?"

"एकच," मी म्हटलं. "याला मागून गोंद तर नाही ना?"