सरकारला घातलेलं गाऱ्हाणं

तोंडवलीच्या पद्मावती कुबलशी मासळीबाजारात घासाघीस करायची छाती फार थोड्यांना होती. कुणी बांगडा उचलून नाकाशी नेला, की ती म्हणे, "ठेव तो खाली. तू तेचो वास घेतंस, तो तुझो घेऊन कंटाळलो." नवरा बाबली अगदी उलट. होडीवर गेला तरी मुका, घरी आला तरी मुका. दोघांच्या वाटणीची जीभ देवाने एकटीलाच देऊन टाकली, असं शेजारणी म्हणत, आणि ते ऐकून बाबलीच सगळ्यात जास्त हसे.

ही गोष्ट सत्तावन्न सालची. गोव्यात अजून पोर्तुगीज होते, इकडे दारूबंदी होती, आणि खाडीच्या तोंडातून कधी घड्याळं, कधी बाटल्या गुपचूप आत येत. खाडीकाठच्या चौकीत नवा जमादार आला होता. त्याला लवकर काहीतरी पकडून दाखवायचं होतं. एका सकाळी निरोप आला, बाबलीला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बाबलीने पेजेचं ताट बाजूला सारलं. "निवत ठेव," तो म्हणाला. "पेज निवाच्या आधी येतंय."

दुसऱ्या दिवशी आला तो चौघांच्या खांद्यावर. फेफरं आलं, भिंतीवर डोकं आपटलं, असं चौकीने सांगितलं.

बाबलीला उभ्या जन्मात फेफरं आलेलं नव्हतं. न्हाऊ घालताना पद्मावतीने पायांवर पाणी ओतलं आणि तिचा हात तसाच थांबला. बाबली अनवाणी माणूस. खडपावरच्या कालवांच्या धारेवरून चालला तरी ज्याच्या तळव्याला ओरखडा उठत नसे, त्याचे दोन्ही तळवे फुटून काळे पडले होते.

गावात मग सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि कुणालाच काही ठाऊक नव्हतं. "वयनी, जमादाराशी वैर नको गो," दीर म्हणाला. "उद्या होडी काढूची आसा आमका."

"जमादार कोण तो माका ठावक नाय," पद्मावती म्हणाली. "शीम कोणाची, तितक्या सांग."

तळकोकणात गावच्या शिमेला, म्हणजे हद्दीला, राखणदार देव असतो. वर्षाला त्याला मान देतात, आणि शिमेच्या आत काही वाईट घडलं तर जाबही त्यालाच विचारतात. चोरी कुणी का करेना, तुझ्या राखणीत ती झालीच कशी, हे राखणदाराने सांगायचं. पद्मावतीचा हिशेब एवढाच सरळ होता. चौकी ही सरकारची शीम. तिचा माणूस स्वतःच्या पायाने त्या शिमेत गेला आणि तिथे मेला. "तेव्हा सरकारान माका सांगूचा," ती ज्याला त्याला म्हणे, "की व्हय, तो आमच्या हातात मेलो. फेफऱ्यान न्हय."

कोठडीतलं मरण म्हणून चौकशी लागलीच. त्यासाठी प्रांतसाहेब आले. माणूस घाटावरचा, तरुण, सभ्य. शाळेची कौलं उतरवलेली होती, म्हणून त्यांचं टेबल मांडलं ते देवळाच्या सभामंडपात. अख्खा गाव खांबांना टेकून बसला. साक्षीला एकेक जण उठे, टोपी काढी, आणि ऑफिसातल्या मराठीत म्हणे, "मला काही माहीत नाही, साहेब." दाराशी काठी घेऊन उभा होता चौकीतलाच गणपत शिपाई, जवळच्याच धामापूरचा. त्याने तर सकाळीच लिहून दिलं होतं की तो त्या दिवशी बाहेर पहाऱ्यावर होता आणि त्याने काहीच ऐकलं नाही.

शेवटी साहेब पद्मावतीकडे वळले. "बाई, घाबरू नका. तुमचं गाऱ्हाणं काय आहे, ते सांगा."

मंडपात चुळबुळ झाली. साहेबांच्या गावी गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. इथे गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्या गावाने उभं राहून केलेली विनवणी. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, एकेक वाक्य बोलतो, आणि ते खरं असेल तर गाव एका आवाजात होकार देतो. आणि ते बायकांनी घालायचं नसतं.

"मी घालू?" पद्मावतीने विचारलं. "बायल माणूस?"

"तुम्हीच. दुसरं कोण सांगणार?"

तिने म्हाताऱ्या तुकाराम गावकराकडे पाहिलं. तो खांबाआड आणखी थोडा सरकला. मग तिने पदर खोचला, हात जोडले आणि गाभाऱ्याकडे पाठ करून टेबलाकडे तोंड केलं.

"बा सरकारा, म्हाराजा! आज तुझी लेकरां हयसर जमली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव बोलून गेला. बोलल्यावर एकमेकांची तोंडं बघू लागला. प्रांतसाहेबांचा टाक हवेतच राहिला.

"माजो घोव बाबली, आपल्या पायान चलत तुझ्या चौकीत गेलो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका फेफरां कधी येवक नाय, दारू कधी शिवली नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता माणसं उभी राहिली होती. सवयच ती. गाऱ्हाण्याला कुणी बसून राहत नाही.

पद्मावतीचा आवाज उतरला. "तुझ्या जमादारान तेका बांधून घातल्यान, आणि जीव जायसर तळव्यांवर मारल्यान, म्हाराजा."

मंडप गप्प झाला. ते कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, आणि न पाहिलेल्याला गाऱ्हाण्यात होकार देत नाहीत.

"व्हय म्हाराजा."

आवाज दारातून आला होता. गणपत शिपायाची काठी खांबाला टेकलेली होती आणि त्याचे दोन्ही हात जोडलेले होते. आपण काय बोललो हे त्याला सगळ्यांच्या नंतर कळलं. "सायबानू, माका..." त्याने सुरुवात केली, आणि मग खाली बसून तो रडायला लागला. साहेबांनी त्याला पाणी द्यायला लावलं आणि कागद पुढे ओढला.

जमादार तुरुंगात गेला. गणपतची नोकरी गेली, खोटं लिहून दिलं म्हणून. काही महिन्यांनी तो तोंडवलीला आला आणि पद्मावतीच्या दारात उभा राहिला. "वयनी, तेव्हा मी बोलूक होयो होतंय. दार उघडूक होया होता."

"होया होता," ती म्हणाली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. मग तिने विचारलं, "दिराच्या होडीर माणूस कमी आसा. जाळा ओढूक येता तुका?"

पण जमादार तुरुंगात गेला म्हणून सरकारने जाब दिला असं होत नव्हतं. मालवणच्या दाजी वकिलांनी सरकारवर दिवाणी दावा लावला. दावा इतका लांबला की मधेच मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र आला आणि प्रतिवादीचं नाव बदलावं लागलं. पद्मावतीची मुलगी लग्न होऊन देवबागेला गेली. सरकारचा वकील दरवेळी एकच म्हणे: माणूस पकडणं, कोठडीत ठेवणं हे राजाचं काम; त्या कामात नोकर चुकला तर गुन्हा नोकराचा, भरपाई राज्याकडे मागता येत नाही.

"राजा गेलो ना पण?" पद्मावतीने विचारलं.

"राजा गेलो, कायदो ऱ्हवलो," दाजी म्हणाले. "कंपनी सरकारच्या वेळचो आसा."

चौसष्ट सालात दिल्लीच्या सर्वोच्च कोर्टाचाही तसाच निकाल आला. उत्तरेकडच्या एका व्यापाऱ्याचं सोनं पोलिसांनी ताब्यात घेतलं, एक हवालदारच ते घेऊन पळाला, आणि तरी सरकार देणं लागत नाही असं ठरलं. दाजींनी तिला ते समजावून सांगितलं.

"सोन्याक जाब नाय," ती म्हणाली, "मग माझ्या बाबलीक कोण इचारता."

जिल्ह्याच्या कोर्टाने दावा फेटाळला त्या दिवशी दाजींना वर बघवेना. "हरलो आपण," ते म्हणाले.

"जज्जसायबांनी वाचल्यानी, त्यात बाबलीचा नाव इला. काय म्हटल्यानी?"

दाजींनी मराठी करून सांगितलं: बाबली कुबल याचा मृत्यू फेफऱ्याने झाला नाही, तो पोलिसांच्या ताब्यात असताना मारहाणीने झाला, हे कोर्टाला मान्य आहे.

"परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. पद्मावतीने पदराने डोळे पुसले, आणि रिकामी टोपली उचलावी तशी स्वतःची पिशवी उचलली. "अर्धा पावला, दाजीनू. हातात मेलो म्हणतत, पण जाब देणत नाय. अर्धा ऱ्हवला."

त्या वर्षीच्या जत्रेत तुकाराम गावकराने गावाचं गाऱ्हाणं घातलं. होड्या सुखरूप येऊ देत, लेकरंबाळं सांभाळ, सगळं झालं. माणसं हात खाली घेणार तोच बायकांच्या बाजूने पद्मावती पुढे आली. ह्यावेळी ती देवाकडे तोंड करून उभी राहिली.

"चौकीत चलत गेलेलो माणूस चलत परत येवंदे, म्हाराजा. नायतर ज्याची शीम तेका जाब देवक लाव, म्हाराजा."

कुणीतरी पुटपुटलं, बायल माणूस परत. होड्यांवरच्या माणसांत उभ्या असलेल्या गणपतने मात्र हात आधीच जोडले होते.

म्हाताऱ्या तुकारामाने मान वळवली. "मोठ्यान घाल गो," तो म्हणाला. "मागे ऐकाक येणा नाय."