न दिसणारी डिस्क आणि सुधाताई

सुधाताई हुमनाबादकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मलकपेठच्या आमच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत. कुणा परदेशी दात्याने शाळेला एक कॉम्प्युटर पाठवला होता. करड्या रंगाचा, लहानशा पडद्याचा. त्याला जोडलेल्या मायक्रोफोनसमोर बोललं की आवाजाची रेघ पडद्यावर उमटायची. ज्या मुलांना आवाज ऐकू येत नव्हता, त्यांना तो निदान दिसणार होता. पण मी वाचा शिकवणारी शिक्षिका, मला सुरू करायचं बटणसुद्धा सापडेना. मग मुलींच्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या सुधाताईंना बोलावण्यात आलं. त्या नारायणगुड्याहून बसने आल्या आणि वायरींना हात लावण्याआधी समोर बसलेल्या मुलीला त्यांनी खुणेने नाव विचारलं. मी पटकन सांगायला गेले, तर म्हणाल्या, "तुम्ही नका सांगू बाई. तिला सांगू द्या. मी थांबते."

त्या थांबल्या. मुलीने तीनदा प्रयत्न करून नाव सांगितलं, पद्मजा, तेव्हा कुठे त्यांनी पेचकस हातात घेतला.

त्यानंतर कितीतरी वर्षं ताई दर महिन्याला शाळेत येत राहिल्या. मुलांचे आवाज साठवायला त्यांनी कॉम्प्युटरशेजारी एक वेगळी डिस्क जोडून दिली. जेवणाच्या डब्याएवढी पेटी होती ती, म्हणून आम्ही तिला डबाच म्हणायचो. दुपारी वर्गाचे पडदे ओढले की त्या मंद उजेडात मुलं आपल्याच आवाजाकडे टक लावून बघत बसायची. कुणाचा आवाज गवतासारखा, कुणाचा लाटेसारखा. आजही डोळे मिटले की मला तो वर्ग पाण्याखाली असल्यासारखा दिसतो.

पुढे नवी यंत्रं आली, जुना कॉम्प्युटर आणि डबा कपाटात गेले. मी निवृत्त झाले. ताई तर त्याआधीच झाल्या होत्या आणि बरकतपुऱ्यातल्या घरी लोकांची जुनी यंत्रं दुरुस्त करत होत्या.

गेल्या वर्षी पद्मजा माझ्याकडे आली. आता ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवते. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली. पद्मजा तिच्या पद्धतीने, शब्द आणि खुणा मिळून बोलते, पण त्या दिवशी तिने मोबाइलवर लिहून माझ्यापुढे धरलं: "मला आईचा आवाज बघायचा आहे."

मला आधी समजेना. मग तिने हवेत बोटाने लहान लहान टेकड्या काढल्या. दर गुरुवारी तिची आई वर्गात शेजारी बसून शब्द म्हणायची आणि पद्मजा तो पडद्यावर बघून म्हणायची. घरच्या सगळ्या फोटोंत आईचं तोंड मिटलेलं होतं. बोलणारी आई उरली असेल तर त्या डब्यात.

शाळेने मोठ्या मनाने दोन्ही वस्तू दिल्या. एका रविवारी सकाळी आम्ही दोघी ते सामान घेऊन ताईंकडे गेलो. ताईंनी आधी स्पष्ट सांगितलं, "वचन देत नाही. बघते."

कॉम्प्युटर कण्हत सुरू झाला. पडद्यावर त्याच्या स्वतःच्या डिस्कचं चित्र उमटलं. डब्यातला पंखा फिरत होता, हिरवा दिवा लागला होता, पण डब्याचं चित्र काही पडद्यावर येईना. जिवंत होता आणि दिसत नव्हता. ताईंनी सगळं बंद केलं, आधी डबा आणि मग कॉम्प्युटर सुरू केला. नाही. केबल बदलली. नाही. केबलच्या टोकाच्या पिना भिंगाखाली धरून पुसल्या, जोडणीच्या टोकाला लावायचं बूच काढून दुसरं लावलं. दर वेळी यंत्र नव्याने सुरू व्हायचं, आम्ही तिघी पडद्याच्या त्या कोपऱ्याकडे बघायचो, आणि कोपरा रिकामाच राहायचा. दुपार झाली. खिडकीतलं ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं.

पद्मजाचे डोळे भरले. ताईंनी तिची हनुवटी आपल्याकडे वळवली, म्हणजे तिला ओठ वाचता येतील, आणि सावकाश म्हणाल्या, "एवढी परेशान काय व्हायलीस? आत डिस्क फिरते आहे. माझ्या हाताला कळतंय. ठेव तू पण हात."

दोघींनी डब्यावर हात ठेवले. त्या क्षणी पद्मजाचा चेहरा निवला, तो मी कधी विसरणार नाही.

मग ताईंनी डबा उलटा फिरवला. मागच्या बाजूला कागदाची एक चिठ्ठी चिकटवलेली होती, 'खोली ७'. अक्षर माझं. ताईंनी ती नखाने अलगद सोडवली. खाली इवलीशी खिडकी, तिच्यात आकडा: सात.

सामान कपाटात ठेवताना, ही सात नंबरच्या खोलीतली वस्तू आहे हे लक्षात राहावं म्हणून, मीच त्या खिडकीशेजारचं बटण दाबत दाबत आकडा सातवर आणला होता. अशा जोडणीत प्रत्येक यंत्राचा आपला नंबर असतो आणि कॉम्प्युटर त्या नंबराने हाक मारतो, हे मला कुठे ठाऊक! सात हा खुद्द त्या कॉम्प्युटरचाच नंबर. सातला शोधायचं तर तो स्वतःपाशीच येऊन थांबणार.

ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, चिठ्ठी मुठीत घेतली आणि पद्मजाला म्हणाल्या, "जुनी यंत्रं अशीच रुसतात." आकडा चारवर आणला. पुन्हा सगळं सुरू केलं. कोपऱ्यात डब्याचं चित्र उमटलं.

पद्मजा पडद्याकडे झेपावली. ताईंनी तिचा हात धरला. "हौलीसारखं, येड्यासारखं करू नको. आधी सगळं दुसरीकडे उतरवून घेऊ, मग बघू. ही पुन्हा रुसली तर?" अर्धा तास नक्कल होत होती आणि तेवढा वेळ त्यांनी तिचा हात सोडला नाही.

शेवटी आवाज उघडला. आम्हा दोघींना ऐकू आलं, तिला दिसलं. "बोल माय, पाणी. पा-णी." दोन टेकड्या. पाठोपाठ छोट्या पद्मजाचा ओबडधोबड डोंगर. पुन्हा आई: "हौ, अस्संच! बाई, आज लवकर सोडा, बस चुकायली आमची." आम्ही शब्दन् शब्द तिला सांगत होतो. रेघेच्या शेवटी बारीक करवतीच्या दातांसारखं काहीतरी उमटलं. पद्मजाने त्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?"

ताईंनी तिचा चेहरा आपल्याकडे वळवला. "हसली गं तुझी आई."

पद्मजाने ते बोट बराच वेळ तिथून काढलं नाही.

निघताना मी ताईंना बाजूला घेऊन म्हटलं, "चूक माझी होती, तुम्ही माझी लाज राखलीत." त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या अक्षरातली चिठ्ठी होती म्हणून तर इतकी वर्षं तो डबा कुणी भंगारात दिला नाही." ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. म्हणून त्यांच्या गौरवग्रंथात मीच ती सांगते आहे.

सुधाताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. गुडघे आता त्यांना जिना चढताना दोनदा थांबवतात, पेचकस धरणारा हात मात्र स्थिर आहे. त्यांच्या विद्यार्थिनींच्या, आमच्या शाळेच्या आणि पद्मजाच्या वतीने मी एवढंच मागते: त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, झोप शांत असो, प्रकृती ठणठणीत असो. त्यांना पुष्कळ, अगदी पुष्कळ वर्षं मिळोत, आणि त्यांतली काही तरी, कुणाचं काही दुरुस्त न करता, नुसती खिडकीत बसून ऊन बघण्यासाठी असोत.