चुलीजवळचा वायरलेस

“चूल, चूल, एक बोलतोय. डोक्यावर विमान आहे. घिरट्या घालतंय. ओव्हर.”

मी परातीतून हात काढला, ओढणीला पुसला आणि बटण दाबलं. “एक, चूल. ऐकलं. थांबा. ओव्हर.”

सुभेदारांचा आवाज नेहमीसारखाच होता. कालवणात मीठ कमी आहे हे सांगतानाही तो तसाच असायचा.

तेवढ्यात ऑफिसातून इदरीस धावत आला. इदरीस सुदानचा. मदतसंस्थेचा फोन त्याच्याकडे असायचा, आणि विमानवाल्यांशी बोलणं त्या फोनवरून व्हायचं. हिंदी त्याला आमच्या ड्रायव्हरांनी शिकवली होती, मला खाला, म्हणजे मावशी, म्हणायलाही.

“खाला, ऊपरवाला पूछता. नोटिस में छह गाड़ी सफेद. उसको दिखता पाँच. पीछे एक और है, सफेद नहीं. वो कौन?”

“अपनी ही है. छह गई हैं.”

“मैं बोला. वो बोलता, सफेद नहीं तो तुम्हारा नहीं. जल्दी बताओ.”

सहा ट्रक पीठ घेऊन येमेनच्या घाटात उभे होते. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. त्या रस्त्यावर ट्रक वळत नाही. आणि वरचा माणूस आमच्या एका ट्रकला ओळखत नव्हता.

मी सैन्यात नव्हते. चौथीपर्यंत शाळा, मग लग्न. माझे मालक सौदीत, ताइफला गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. ते वारल्यावर मुलगा म्हणाला, धाहरानला ये. मी म्हटलं, हातपाय चालतात तोवर नाही. जिझानजवळ, सीमेच्या अलीकडे, मदतीच्या ट्रकांचा कॅम्प उघडला होता आणि तिथे मेसला माणूस हवं होतं. ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता त्या कफिलाने परवानगी दिली. मी गेले.

कॅम्पचा कारभार सुभेदारांकडे होता. साताऱ्याकडचे, इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. ड्रायव्हर सगळे आपल्याकडचे, अर्धे रत्नागिरी-रायगडचे, अर्धे घाटावरचे. सुभेदारांनी तिथे फौजच मांडली. पहाटे फजरची नमाज झाली की फॉलइन. हजेरीत माझंही नाव. पहिल्या दिवशी मी ओ दिली नाही.

“मेस?” ते पुन्हा म्हणाले.

“मेस म्हणजे मी का? माझं नाव आहे.”

“इथे नाव नाही बाई, पोस्ट. मेस?”

“हजर,” मी म्हटलं. “आणि चहा उतू जातोय.”

पोरं हसली. सुभेदार हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून फॉलइन चहा झाल्यावर व्हायला लागला.

वायरलेसचा मोठा सेट त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात बसवला. इदरीसला ते पटलं नाही. सुभेदार म्हणाले, “ऑफिसातला माणूस चहाला उठतो. चुलीजवळची बाई उठत नाही.”

“मला बांधून ठेवायची तर पगार दुप्पट करा,” मी म्हटलं.

“पगार तोच. नाव मोठं देतो. तुमच्या ठाण्याचं नाव चूल.”

बटण दाब, एक श्वास थांब, मग बोल. कमी बोल. बोलून झालं की ओव्हर म्हण. एवढंच शिक्षण. कमी बोलणं मला जड गेलं नाही.

ते दिवस चांगले होते. जिझानची हवा आमच्या दाभोळसारखी, अंगाला चिकटणारी, आणि वाऱ्याला समुद्राचा वास. बाजारात ताजी मासळी मिळायची. आंबेही व्हायचे. त्या आंब्यावरून रोज भांडण. कासम आमच्याच बाजूचा, होडीवाल्यांच्या घरातला. तो सालीसकट चावून म्हणायचा, “ह्याला आंबा म्हणतात? आमच्याकडे म्हशीला घालतात.”

“तुझी म्हैस शिकलेली दिसते,” सुभेदार म्हणायचे. “पाच खाल्लेस.”

सुभेदार स्वतः मटण खायचे, पण मासळीचं काट्यामुळे वाकडं. मी त्यांना काटे काढून द्यायची नाही. एवढी लढाई मारलेला माणूस, काढेल आपले काटे.

घाटापलीकडच्या गावांत पीठ पोचवायचं तर तिघांची परवानगी लागायची. आकाशातल्यांची, डोंगरावरच्या बंदूकवाल्यांची आणि रस्ता ज्यांच्या रानातून जातो त्या लोकांची. सुभेदार आम्हाला सोप्या शब्दांत सांगायचे. वरच्याला किती गाड्या ते आधी नोटिशीने कळवायचं आणि पांढरं कापड दाखवायचं. डोंगरावरच्याला दाखवायचं की आपण काही लपवत नाही, म्हणून गाडीतून कुणी उतरायचं नाही, टपावर चढायचं नाही. आणि रस्त्याच्या लोकांचा एक म्हातारा पहिल्या ट्रकमध्ये घ्यायचा. तो बसला की त्या लोकांचा शब्द मिळाला. त्याच्या देखत गाडीला हात लावला तर त्यांच्या टोळीची नामुष्की.

पांढरी कापडं मी शिवली होती. जिझानहून ताग्याने कापड आणलं. एकेका ट्रकचा माल झाकेल एवढं, मधोमध मोठं काळं वर्तुळ. टाके दुहेरी घातले. सुभेदारांनी ओढून बघितलं. “वाऱ्याने फाटलं तर?”

“तुम्ही फाटाल,” मी म्हटलं, “हे नाही.”

पांढऱ्यावर काहीही टाकायचं नाही, ही ऑर्डर होती. पाऊस लागू नये म्हणून खालून ट्रकची आपली ताडपत्री असायची. कासमच्या सहाव्या ट्रकची ताडपत्री फाटली होती. नवी मागवली होती, आली नव्हती.

त्या सकाळी ट्रक गेले तेव्हा डोंगरावर ढग होते. मी पीठ मळायला बसले तर परातीवर ऊन. माझ्या ओट्यावर मांडव होता, निळ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीचा. वर बघितलं तर नुसते बांबू. मला वाटलं वाऱ्याने नेली. वाऱ्याला शिव्या घातल्या आणि परात ओढून सेटच्या कोपऱ्यात घेतली.

आता इदरीस समोर उभा राहून म्हणत होता, पाच पांढरे, एक नाही. मी त्याच्याकडे बघितलं, मग बाहेर ओट्यावर पडलेल्या उन्हाकडे बघितलं.

वारा काही गाठी सोडत नाही. ताडपत्री कासमने नेली होती. घाटाच्या पायथ्याशी म्हाताऱ्याला घ्यायला ट्रक थांबले असणार, थेंब पडले असणार. कोकणातल्या माणसाला उघडं पीठ बघवत नाही. ऑर्डर पाठ असली तरी हात ताडपत्रीकडे जातो. आणि त्याचा ट्रक शेवटचा. मागून बघायला कुणी नाही.

मी बटण दाबलं. एक श्वास थांबले.

“एक, चूल. सहाव्या गाडीवर माझी निळी ताडपत्री आहे. वरून पांढरं दिसत नाही. काढा. ओव्हर.”

“सहा, एक. खरं आहे? ओव्हर.”

“एक, सहा. पाऊस होता, सुभेदार. ओव्हर.”

“काढ. लगेच. ओव्हर.”

इदरीस फोनवर अरबीत बोलत होता. एकच वाक्य पुन्हा पुन्हा. एक हात त्याने माझ्या पिठाच्या पिंपावर ठेवला होता.

“एक, सहा. दोर भिजलेत. गाठी सुटत नाहीत. ओव्हर.”

होडीवाल्याच्या गाठी. त्या सुटायच्याच नव्हत्या.

“काप. ओव्हर.”

“सुरा नाही. ओव्हर.”

सुभेदारांच्या पट्ट्याला सुरा असायचा. मला ते माहीत होतं, कारण काटे त्यानेच काढायचे.

“चूल, एक. मी गाडी सोडतोय. बाकी सगळे आपल्या जागी बसा. ही गाडी आज जळाली तर हा रस्ता बंद. पुन्हा कुणी इकडे पीठ आणणार नाही. आउट.”

गाडीतून उतरायचं नाही, टपावर चढायचं नाही, हा नियम त्यांनीच घातला होता.

मग सेटवर काही नाही. नुसती खरखर. सुभेदार एकपासून सहापर्यंत चालत गेले. धावले नाहीत, धावणारा माणूस डोंगरावरून वेगळा दिसतो. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी तव्यावरची भाकरी जळताना बघत होते आणि उलटत नव्हते. इदरीस म्हणाला, “खाला, रोटी.” मी त्याला गप्प बस म्हटलं.

मग तो फोन कानाला लावून एकदम ताठ झाला. “छह,” तो म्हणाला. “छह सफेद. वो जाता. खलास, खाला! खलास!” विमान गेलं, सुटलो, असं त्याचं म्हणणं; आणि तो खाली बसला.

मी बटणावर हात ठेवून थांबले. सुभेदार जागेवर आले की आधी ते बोलतील. पद्धत तशी होती.

बोलला कासम.

“खाला.” ना चूल, ना सहा. “खाला, सुभेदारांना लागली.”

“कुठे? ओव्हर.”

“पोटात. डोंगरावरून मारली. आम्ही दोघं टपावर होतो. बंदूकवाल्यांना वाटलं आम्ही विमानाला खुणा करतोय.”

“अजून मारतायत? ओव्हर.”

“नाही. म्हातारा उतरला. रस्त्यात मधोमध उभा राहिला, हात पसरून. ओरडतोय त्यांच्यावर. थांबले ते.” मग त्याचा श्वास ऐकू आला. “खाला, मी काय करू?”

“शुद्धीवर आहेत? ओव्हर.”

“आहेत.”

“मग त्यांना विचार. मला काय विचारतोस? ओव्हर.”

थोड्या वेळाने तो म्हणाला, “म्हणतात, गाड्या वर घ्या. म्हणतात, पीठ उतरवा.”

“ऑर्डर मिळाली ना? घ्या वर. ओव्हर.”

“सहा, आउट,” तो म्हणाला. तेव्हा मला कळलं की हा गाडी चालवेल.

वरच्या गावात दवाखाना होता, पण डॉक्टर नव्हता. गावाने पीठ उतरवून घेतलं. सुभेदारांना एका घराच्या ओसरीत निजवलं. ते दुपारच्या आधी गेले. पीठ सगळं उतरलं का, हे त्यांनी दोनदा विचारलं, असं कासम म्हणतो. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा उतरलं होतं.

संध्याकाळी ट्रक परत आले. त्यांना सहाव्या ट्रकमध्ये आणलं होतं, माझ्याच पांढऱ्या कापडात गुंडाळून. मी टाके बघितले. एकही उसवला नव्हता. कासमने निळी ताडपत्री घडी करून माझ्या ओट्यावर ठेवली आणि तिथेच बसून राहिला. मी त्याच्यापुढे ताट ठेवलं.

“मला शिव्या द्या,” तो म्हणाला.

“शिव्या देऊन ते उठणार आहेत का? जेव. उद्या फॉलइन आहे.”

दुसऱ्या दिवशी फॉलइनला हजेरी घ्यायला कुणी नव्हतं. सगळे रांगेत उभे होते. मग मीच घेतली. एक ते सहा म्हटलं आणि शेवटी मेस म्हटलं, आणि मीच ओ दिली. कुणी हसलं नाही.

साताऱ्याला त्यांच्या घरी फोन मी केला. त्यांच्या बायकोने एकच विचारलं, जेवले होते का. मी म्हटलं, सकाळी भाकरी आणि चहा घेऊन गेले होते. ते खरं होतं.

रस्ता बंद झाला नाही. पुढच्या खेपेला पहिल्या ट्रकमध्ये तोच म्हातारा बसला, आणि सहावा ट्रक कासमने नेला, नव्या ताडपत्रीसह, ती पांढऱ्याच्या खाली. तो कॅम्प उठेपर्यंत पीठ जात राहिलं.

आता मी धाहरानला मुलाकडे असते. कंपनीची वसाहत, दारात हिरवळ, तिला रोज पाणी. स्वयंपाकघरात सेट नाही, चूलही नाही, काचेची शेगडी आहे. नात विचारते, “दादी, वर यू इन द आर्मी?” मी म्हणते, नाही, मेसला होते. तिला मेस म्हणजे पसारा वाटतो. कधी दुपारी भाकरी टाकताना मी कान देऊन बसते, मग लक्षात येतं की इथे कुणी बोलणार नाही. पुन्हा तसे दिवस मिळाले तर मी जाईन. ऊन, माश्या, खारट पाणी, सगळ्यासकट.

कासम आता ताइफला टँकर चालवतो. ईदला फोन करतो. “चूल, सहा बोलतोय,” म्हणतो, आणि मी म्हणते, बोल.

त्या दिवशी घाटात सहा ड्रायव्हर, रस्त्याचा म्हातारा आणि सुभेदार होते. सुभेदार सोडून सगळे जगले.