बारा मिनिटांच्या अल्बमसाठी गोंदिया

"बारा मिनिटं ऐकायला दोन दिवसांचा प्रवास? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" असं माझी बायको वर्षा म्हणाली, तेव्हा ती माझ्या डाव्या बाजूला उभी होती. ती नेहमी डावीकडेच उभी राहते, कारण माझा उजवा कान दोन वर्षांपूर्वी हळूहळू बंद पडला. आतलं एक इवलंसं हाड आखडलंय, नस शाबूत आहे, ऑपरेशन करून घ्या, असं डॉक्टर सांगतात. क्वचित ते फसतं आणि उरलंसुरलंही जातं, हेही ते त्याच दमात सांगतात. त्या 'क्वचित'नं माझी झोप उडवली. दोनदा तारीख घेतली आणि दोन्ही वेळा मीच घाबरून रद्द केली.

कान गेला तसं गाणंही सुटलं. हेडफोन लावला की अर्धं गाणं कुठं गेलं तेच शोधत बसायचो आणि चिडून बंद करायचो. अशात एका मित्रानं गोंदियाच्या 'भुसा' नावाच्या बँडचा 'कनकी' हा अल्बम पाठवला. कनकी म्हणजे तांदळाची चुरी, मिलमध्ये तुटलेले दाणे. प्रकार ग्राइंडकोअर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मेटल संगीताच्या घरातला हा सगळ्यात चिडका पोरगा. ढोल मशीनगनसारखे, गिटार करवतीसारखी आणि गाणारा माणूस गातो आहे की भांडतो आहे हे कळत नाही. एकूण अठरा गाणी, बारा मिनिटांत खेळ खलास. सगळ्यात लहान गाणं 'काऊन' चार सेकंदांचं आहे. त्यात 'का?' हा एकच प्रश्न एकदाच विचारलाय, झाडीबोलीत आणि जीव तोडून.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो. मग परत लावलं, मग दिवसातून तीनदा लावू लागलो. कुणी तुमची समजूत काढत नाही, प्रस्तावना नाही, आळवणं नाही. राग येतो, पूर्ण येतो आणि त्याचं रडगाणं व्हायच्या आत संपतो. मला तर त्यात हरवलेलं शोधायला सवडच मिळत नव्हती. अशी मोकळीक दोन वर्षांत दुसऱ्या कशानंही दिली नव्हती. मी बँडला निरोप पाठवला, उत्तर आलं: "या ना काका. सोमवारी जेवनाच्या सुट्टीत वाजवतो. उशीर केला त गेलं."

वाटेत एक रात्र नवेगाव बांधच्या तलावावर काढायची म्हणून रविवारी सकाळी नागपूरहून एसटी पकडली. मी कायम उजव्या खिडकीशी बसतो, म्हणजे माणसं डाव्या कानाला लागतात. भंडारा, लाखनी, साकोली करत तीनेक तासांत कोहमारा येतं. हायवेचा तिठा, ट्रकांच्या रांगा, ढाब्यांवर दाल-भात शंभराच्या आसपास. भात मागाल तितका वाढतात, आणि काय भात! तिथून काळी-पिवळी जीप भरली की सुटते, अर्ध्या तासात नवेगाव बांध. खोली आधी फोन करून घ्या, हिवाळ्यात पक्षी बघणाऱ्यांची गर्दी असते.

तलाव कोहळी लोकांनी कैक पिढ्यांपूर्वी डोंगरांच्या मधे पाळ घालून बांधला. काठावर उभं राहिलं की हा माणसांनी केलाय हे पटत नाही. संध्याकाळी पाळीवर एक म्हातारे गृहस्थ जाळं दुरुस्त करत बसले होते. कुठूनसा पक्षी ओरडायला लागला. मी दुर्बीण घेऊन समोरची झाडं धुंडाळायला लागलो.

"तिकडं का पावून रायले जी?" म्हातारबा म्हणाले. "आवाज त मांगून येऊन रायला!"

मी वळलो, तोवर पक्षी उडालेला. एका कानाच्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण तो कुठून येतोय ते कळत नाही. मी त्यांना तसं सांगितलं.

"इलाज नाई?"

"आहे. भीती वाटते."

त्यांनी जाळ्यातून मान वर काढली नाही. "भेव त वाटनच," एवढंच म्हणाले आणि गाठ दातांनी आवळली. मला उपदेश हवा होता की काय कोण जाणे, पण खट्टू मात्र झालो. जेवायला मात्र त्यांनीच सांगितलेल्या घरी गेलो आणि मासळीच्या रश्शावर आडवा हात मारला.

सोमवारी सकाळी कोहमाऱ्याला परत येऊन गोरेगावमार्गे गोंदिया गाठलं. या रस्त्याला हाडं खिळखिळी होतात, वेळ हातचा ठेवा. शहरात शिरताच कानावर हिंदीच पडते. ऑटोवाला "मुर्री रोड? बैठो" म्हणाला आणि मला एका जुन्या राईस मिलच्या फाटकाशी सोडून गेला. आत यंत्रं सुरू होती. वरून पट्टे पळत होते, हवेत कोंडा तरंगत होता आणि आवाज असा की छातीत घुमावा.

भुशाच्या खोलीशेजारच्या गोदामात रंजना भेटली. ही बँडची गायिका, वय सव्वीस-सत्तावीस, एरवी ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात काम करते. नऊ सेकंदांचं 'सर्वर डाऊन' तिचंच. ड्रम वाजवणारा तेजराम हा तिचा मावसभाऊ, याच मिलचा मिस्त्री. गिटारवाला त्या दिवशी रजेवर होता, त्यामुळे दोघंच वाजवणार होती. तेवढ्यात सुट्टीचा भोंगा झाला आणि मिल थांबली.

"अल्बम बारा मिनिटांचाच का?" मी विचारलं.

"सुट्टी अर्ध्या तासाची काका," तेजराम डबा उघडत म्हणाला. "जेवाले दहा मिन्टं. सामान मांडाले पाच, उचलाले तीन. राहिले किती?"

मी हिशेब केला. बारा.

"मिल चालू असली त रेकॉर्डिंगमंदी मिलच येते," रंजना म्हणाली. "म्हनून सुट्टीतच केलं. एकच माईक होता, मधात टांगला, बस."

"एकच? म्हणजे उजवं-डावं वेगळं काही नाही?"

"दोन माईक कुठून आनाचे? जे इकडं, तेच तिकडं."

मी पोत्यावर बसलो. दोन वर्षांत या एकाच अल्बमचं माझ्याकडून काहीही सुटलं नव्हतं. तो माझ्या एका कानाला पुरा पोचला होता. मी त्यांना माझ्या कानाचं सगळं सांगितलं: हाड, नस, रद्द केलेल्या तारखा. तेजराम चपातीचा घास थांबवून ऐकत होता.

"नस जिवंत हाय मने डॉक्टर?"

"म्हणतात. यंत्रं लावून तपासलं, कागद दाखवला. पण मला खरं वाटत नाही."

"कागदाचं कोनालेच खरं नाई वाटत," म्हणत तो हात धुऊन उठला आणि हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेऊन आला. मिस्त्री लोक बेरिंग तपासायचं असलं की पेचकसाचं टोक यंत्राला टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतात. मिलच्या गोंगाटात कुठली बेरिंग कुरकुरतेय ते हाडातून बरोबर कळतं. "मिलमंदी कान काई कामाचा नाई जी. आमी हाडकानंच आयकतो."

डॉक्टरांची ताकीद म्हणून सोबत आणलेला रबरी बोळा मी डाव्या कानात घातला, वरून तळहात दाबला. रंजनानं पेचकसाचं टोक मोठ्या ड्रमच्या लाकडाला टेकवलं आणि मूठ माझ्या उजव्या कानामागं धरली. तेजरामनं पायानं एक ठोका दिला.

तो उजवीकडून आला.

मी इतका दचकलो की मूठ सुटली. रंजनानं ती परत लावली आणि खुणेनं विचारलं, चालेल? मी मान हलवली. मग तेजराम सुटला. ठोके मोजायची सोय नव्हती, प्रत्येक ठोका माझ्या बंद पडलेल्या घरात आत येऊन बसत होता. रंजना पेचकस न सोडता माझ्या शेजारीच उभी राहून ओरडत होती, तिचा हात थरथरत होता आणि तीही थरथर हाडातून आत येत होती. मी रडत होतो, मला त्याची लाज वाटली नाही. बारा मिनिटं संपली, आणि सामान अर्धं उचलून होतं तोच भोंगा झाला आणि पट्टे फिरायला लागले.

"आयकू आलं?" तेजराम झांजा उतरवत ओरडला.

"आलं!"

"मंग कायले भेता?"

त्याला उत्तराची घाई नव्हती, तो पाना उचलून कामाला लागला होता. दोन प्लेट तर्री-पोहे खाऊन मी दुपारची गाडी पकडली. गोंदिया-नागपूर अडीच तास, तिकीट काढून बसायला जागा मिळते.

संध्याकाळी घरी पोचताच वर्षाला सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसेना.

"आपण पेचकसाशिवाय करून बघू," मी म्हणालो. डाव्या कानात बोट खुपसलं, डोळे मिटले आणि तिला हनुवटी माझ्या उजव्या कानामागं टेकवून काहीही बोलायला सांगितलं. तिनं टेकवली. मग तिचा आवाज आला, बारीक, घुमल्यासारखा, पण दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या बाजूनं.

"मी काय म्हणाले?" तिनं समोर येऊन विचारलं.

"अंघोळ करताना कानामागं साबण लावत नाहीस वाटतं."

ती हसली नाही. पदरानं डोळे पुसले, फोन उचलला आणि मला न विचारता दवाखान्यात लावला. पलीकडून तारीख सांगितली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो.